नेहमीचा ताण

स्टेडियमच्या पायऱ्यांखाली, जिथे वरच्या प्रेक्षकांच्या पावलांची धडधड छतातून खाली उतरते, तिथे स्पर्धेची गटिंगची, म्हणजे रॅकेटींना तारा ओढून देण्याची, खोली होती. आणि त्या खोलीवर मोठ्या बाईंचे राज्य होते. संचालक बदलले, प्रायोजक बदलले, कोर्टाचा रंग हिरव्याचा निळा झाला, पुरुषांच्या स्पर्धेला महिलांची स्पर्धा जोडली गेली आणि गर्दी दुप्पट झाली. बाई मात्र आपल्या यंत्रापाशी होत्या तशाच उभ्या. हे काम बसून करता येते. खोलीतले इतर कारागीर एव्हाना बसूनच करीत. पण बाईंसमोर स्टूल सरकवण्याची छाती आजवर कुणाला झाली नव्हती. "पाणी बसून प्यावं, काम उभ्याने करावं," असे त्यांचे म्हणणे, आणि त्यांचे म्हणणे हाच त्या खोलीतला कायदा.

त्या कायद्याचे पहिले कलम असे: खेळाडू कितीही मोठा असो, कितीही ओळखीचा असो, मघाशीच येऊन गेलेला असो, रॅकेट हाती घेतली की ताणाचा आकडा विचारायचा, आणि त्याने सांगितलेला आकडा त्याच्या तोंडावर मोठ्याने परत म्हणायचा. तारा किती घट्ट ओढायच्या, हे त्या पौंडांतल्या आकड्यावर ठरते. घट्ट ओढल्या तर चेंडू हुकमात राहतो, पण प्रत्येक फटक्याचा हादरा हातात चढतो; सैल ठेवल्या तर हात सुखावतो, पण चेंडू मोकाट सुटतो. 'नेहमीचाच' हा शब्द बाईंनी त्या खोलीत शिवीच्या रांगेत बसवला होता.

उपांत्यपूर्व फेरीच्या सकाळी ती शिवी डावऱ्याच्या तोंडून बाहेर पडली. डावऱ्या हा बाईंच्या शेजारच्या यंत्रावरचा कारागीर. डाव्या हाताने काम करतो म्हणून बाईंनीच ते नाव ठेवले होते, आणि केस पिकायला लागले तरी ते सुटले नव्हते. पुरुषांच्या गटातला गतविजेता दारातून डोकावला, दोन रॅकेटी टेबलावर ठेवून काहीतरी पुटपुटला आणि निघून गेला. डावऱ्याने मान डोलावून कात्री उचलली.

"थांब," बाई म्हणाल्या. "काय म्हणाला तो?"

"नेहमीचाच म्हणाला, बाई. बावन्न. सगळा आठवडा तेवढाच घेतोय."

"काल ऊन होतं, आज ढग आहेत. काल समोर नवखा होता, आज त्याला पूर्वी हरवलेला उभा आहे. काल बायको बरोबर होती, आज एकटाच हिंडतोय. माणूस रोज नेहमीचा असतो का रे?"

"नाही, बाई."

"मग त्याचा ताण कसा असेल? जा, विचारून ये."

"अहो, तो न्याहारीला बसला असेल."

"तर मग तोंडात घास असताना विचार. मान हलवून तरी सांगेल."

डावऱ्या गेला. परत आला तेव्हा त्याचे कान लाल झाले होते. "पन्नास म्हणाला," त्याने खाली पाहत सांगितले. "बरं झालं विचारलंत, असंही म्हणाला."

सगळी खोली हसली. बाई हसल्या नाहीत. त्यांनी चष्मा नाकावर चढवला आणि म्हणाल्या, "विचारल्याने जीभ झिजत नाही. न विचारल्याने मात्र दुसऱ्याचा हात झिजतो. लक्षात ठेव."

ही झाली परक्यांची गोष्ट. घरच्यांची गोष्ट निराळी होती, आणि तीच बाईंना आठवडाभर आतून कुरतडत होती. महिलांच्या गटात पात्रता फेरीतून वर आलेली एक मुलगी अनपेक्षितपणे एकेक सामना जिंकत उपांत्यपूर्व फेरीत पोहोचली होती. ती त्यांची नात. आणि नातीने अजून एकही रॅकेट आजीच्या खोलीत आणली नव्हती.

तिला बाई ठकी म्हणत. लहानपणी ती काडीसारखे हात अंगाशी धरून, लाकडी बाहुलीसारखी ताठ, आजीच्या यंत्राशेजारी उभी राही, म्हणून ठकी. बाईंचे यजमान गेले आणि त्यांचे यंत्र बाईंनी हाती घेतले, तेव्हाच ही पोर चालायला शिकत होती. मुलगा नोकरीपायी बाहेरगावी, सून दवाखान्यात परिचारिका, दिवसपाळी रात्रपाळी करणारी. तेव्हा ठकी वाढली ती तारांच्या भेंडोळ्यांत आणि चेंडूंच्या डब्यांत. पहिली रॅकेट बाईंनी दिली. पहिला ताणही त्यांनीच ठरवला.

"आजी, छप्पन्नच का गं?" पोरीने एकदा विचारले होते.

"कारण तुझ्यासारख्या छप्पन्न पाहिल्यात मी."

पोर खदखदून हसली होती, आणि तो विनोद पुढे घरातच राहिला. लहान गटातली पहिली स्पर्धा जिंकल्यावर ठकी फोनवर ओरडली होती, "आजी, छप्पन्नावी जिंकली!" त्या आकड्यात जणू नाते मोजले जात होते.

आणखी एक शिस्त होती. खेळाडू गटिंग करून आणलेली रॅकेट हाती घेतो, तेव्हा तारांवर तळवा आपटून सूर पाहतो, सगळेच पाहतात. ठकीनेही एकदा पाहिला. बाईंनी तिच्या हातातून रॅकेट काढून घेतली. "आजीने ओढलेली तार तपासायची नसते. तपासायची असेल तर दुसरी आजी शोध." त्यानंतर तिने आजीची रॅकेट कधी वाजवून पाहिली नाही.

मग ती मोठी झाली, हार्ड कोर्टावरच्या मोठ्या स्पर्धा खेळू लागली. हे कोर्ट वरून कितीही गुळगुळीत आणि रंगीत दिसले तरी खाली काँक्रीटच असते. ते चेंडू जसा उसळवते, तसा हादराही उसळवते. एक दिवस जेवताना ठकी म्हणाली, "आजी, खांदा दुखतो गं. ताण थोडा उतरवून बघू या का?"

"खांदा दुखत नाही तुझा. कष्टाचा कंटाळा दुखतोय."

"खरंच दुखतो."

"माझेही दुखतात. मी यंत्र सैल केलंय का?"

काही महिन्यांनी ठकी एका नव्या प्रशिक्षकाबरोबर दुसऱ्या शहरात राहायला गेली. बाईंनी त्या गृहस्थाला पाहिलेही नव्हते, पण त्याचे नाव त्यांनी 'उपटसुंभ' असे ठेवून टाकले. निरोप घ्यायला आलेल्या नातीला त्या म्हणाल्या, "माझ्या हातचा ताण नको असेल, तर माझं दारही नको." असली वाक्ये बोलताना माणसाला फार उंच वाटते. ती खाली उतरवायला मात्र शिडी सापडत नाही.

गेल्या वर्षी सुनेचा फोन आला होता. "आई, ठकीच्या खांद्याचं ऑपरेशन झालं. आता बरी आहे. पण डॉक्टर म्हणतात—"

"डॉक्टरांनी कधी रॅकेट धरलीये?"

"ऐकून तरी घ्या. तुम्हाला सांग असं तीच म्हणाली. आता ती ताण बराच खाली आणून खेळते—"

"मला ताण शिकवू नकोस, सूनबाई. ज्यांनी तिला नेली, त्यांना शिकव." आणि बाईंनी फोन ठेवला होता. सुंभ जळेल, पण पीळ जळायचा नाही, असे त्यांच्याबद्दल यजमानही म्हणत. ते कौतुकाने म्हणत, एवढाच फरक.

सुनेने पुढे लेकीला इतकेच सांगितले, की आजीला कळवले आहे. कळवले होते हे खरेच होते.

त्या सकाळी, खोलीतले हसू विरते न विरते तोच दारात ठकी उभी राहिली. खांद्यावर मोठी बॅग, केस घट्ट बांधलेले, आणि चेहऱ्यावर ते जुने, परीक्षेला बसल्यासारखे गांभीर्य. खोलीतली यंत्रे एकेक करून थांबली. कुणी कुणाला काही सांगितले नव्हते, पण ही कोण, हे प्रत्येकाला ठाऊक होते.

"आजी."

"हं." बाईंनी हातातली तार सोडली नाही. "आज वाट चुकलीस वाटतं."

"वाट कुठली चुकते? लहानपणापासून पाठ आहे."

"आठवडाभर तरी आठवली नव्हती."

"हॉटेलवर सरांचं छोटं यंत्र आहे. तेच ओढत होते." ठकीने बॅग उघडून चारही रॅकेटी टेबलावर ठेवल्या. "आज मोठा सामना आहे. समोर तिसऱ्या मानांकनाची आहे. जिंकले तर मोठ्या स्पर्धांना पात्रता फेऱ्या न खेळता जाता येईल. हरले तर पुन्हा तळापासून. म्हटलं, आज तुझ्या हातचं हवं."

बाईंना काहीतरी बोलायचे होते. त्याऐवजी त्यांनी रॅकेटी आपल्या बाजूला ओढल्या. "वाळलीस. खात नाहीस का?"

"खाते गं."

"तो तुझा उपटसुंभ खाऊ देतो ना?"

"आजी!" ठकी हसली, आणि ते हसू ऐकून खोलीतले दोघेतिघे उगाचच खाली वाकले. "चांगले आहेत ते. भेटवते तुला."

"बघू. जा, अंग गरम कर. दुपारी घेऊन जा."

ठकी वळली. दाराशी जाऊन थांबली. एक हात चौकटीवर ठेवून तिने मागे पाहिले. काहीतरी यायचे राहिले आहे आणि ते येईल, असे वाट पाहिल्यासारखे. बाईंनी वर पाहिले.

"काय गं?"

"काही नाही. नेहमीचाच ठेवशील ना?"

"हे मला सांगतेस?"

ठकीचा चेहरा एकदम उजळला. खांद्यावरचे ओझे उतरल्यासारखी ती निघून गेली. तो उजेड बाईंनी आपल्या खात्यात जमा करून घेतला.

डावऱ्याने घसा खाकरला. "बाई, आकडा?"

"कसला?"

"तिचा आकडा विचारला नाहीत."

बाईंनी चष्म्यावरून पाहिले. "माझ्या नातीचा आकडा मी विचारायचा? तिचं दूध सुटायच्या आधीपासून मला तो ठाऊक आहे."

"नाही, आपलं... मघाशी तुम्हीच म्हणालात म्हणून."

"मघाशी मी परक्या माणसाबद्दल बोलत होते. काम कर."

डावऱ्याने काम केले. बाईंनीही केले, आणि काय केले! जुन्या तारा कापताना कात्रीचा आवाज सुद्धा लाडात आल्यासारखा येत होता. मधल्या उभ्या तारेपासून सुरुवात, दोन्ही बाजूंनी सारखे ओढत बाहेर. मग आडव्या, एक वरून एक खालून, बोटाच्या टोकाने सरळ करत. यंत्रावर आकडा लावला छप्पन्न. त्या कधी गुणगुणत नसत, पण त्या दिवशी गुणगुणल्या. घर सोडून गेलेले माणूस आपल्या पायांनी परत आले होते, आणि येताना माफीसुद्धा आपल्या घरच्या भाषेत मागत आले होते: नेहमीचाच. त्या एका शब्दात बाईंनी सगळे ऐकले. ऐकले नाही ते फक्त त्यात काय होते ते.

दुपारी ठकी धावतच आली. प्लॅस्टिकच्या पिशव्यांत घातलेल्या चारही रॅकेटी तिने बॅगेत सरकवल्या. एकही बाहेर काढली नाही, एकीवरही तळवा आपटला नाही.

"वाजवून बघणार नाहीस?" डावऱ्याने विचारले.

"आजीची तार तपासायची नसते, काका," ठकी म्हणाली, आणि बाईंकडे डोळे मिचकावून गेली. बाईंची मान त्या दिवशी जितकी ताठ होती, तितकी ती आयुष्यात क्वचितच झाली असेल.

गटिंगच्या खोलीच्या भिंतीत, मुख्य कोर्टाच्या बाजूला, एक लोखंडी गजांचा झरोका होता. तो जमिनीच्या पातळीवर निघे, त्यामुळे त्यातून दिसायचे ते फक्त पाय आणि चेंडू. बाकीचे सगळे कानांनी पाहावे लागे: बुटांचा चरचराट, चेंडूचा टप्पा, तारांचा सूर. कोपऱ्यातल्या पडद्यावर गुण तेवढे उमटत. बाई कधी झरोक्याशी जात नसत. त्या दिवशी गेल्या.

पहिल्याच फटक्याला सूर आला. उंच, कोरडा, टणक.

"ऐका रे," बाई म्हणाल्या. "याला म्हणतात छप्पन्न."

चेंडू रेषेच्या आत, अगदी जिथे हवा तिथे पडत होता. मानांकित खेळाडूचे लांब पाय इकडून तिकडे फरफटत होते. पहिला सेट ठकीने जिंकला. वरच्या पायऱ्या गडगडल्या, छतातून धूळ पडली. खोलीतल्या कारागिरांनी टेबलावर हात आपटले. "बाई, पेढे!" कुणीतरी ओरडले.

"पेढे अंतिम सामन्याला," बाई म्हणाल्या. त्यांना आपण हसतो आहोत हे कळले तेव्हा फार उशीर झाला होता. सगळ्यांनी पाहिले होते.

दुसऱ्या सेटमध्ये सुरात काही बिघडले नाही. बिघडले ते त्याच्या मागच्या पायांत. सर्व्हिस करताना ठकीची टाच जमिनीवरून जेवढी उचलायची तेवढी उचलेना. चेंडू जाळीत गेला. पुन्हा गेला. दोन फटक्यांच्या मध्ये ते पाय उगाच मागच्या भिंतीपाशी जाऊन उभे राहू लागले. पडद्यावरचे आकडे उलटे फिरले.

"थकली," कुणीतरी म्हणाले.

"माझी नात थकत नाही," बाई म्हणाल्या. पण गजाभोवतीची त्यांची बोटे पांढरी पडली होती.

तेवढ्यात दार ढकलून एक ठेंगणा, घामाने निथळलेला माणूस आत आला. त्याच्या हातात ठकीची एक रॅकेट होती. बाईंनी त्याला पूर्वी पाहिले नव्हते, तरी ओळखले.

"ताबडतोब हवी आहे," तो म्हणाला. "सामना चालू आहे."

"इकडे आणा." बाईंनी हात पुढे केला. "तार तुटली?"

"नाही, तुटली नाही." त्याने रॅकेट दिली नाही. तो अवघडला. "बाई, राग मानू नका. डावऱ्याकाका म्हणून कुणी आहेत का इथे? त्यांच्याकडे द्या, असं तिने सांगितलंय."

बाईंचा हात तसाच पुढे राहिला, मग तो त्यांनी हळूच मागे घेऊन पदराला पुसला. पुसण्यासारखे त्याला काही लागलेले नव्हते.

डावऱ्या उठला. त्याने रॅकेट घेतली, यंत्रावर चढवली, आणि विचारले, "ताण किती?"

"शेहेचाळीस."

"शेहेचाळीस," डावऱ्या मोठ्याने म्हणाला. "बरोबर?"

"बरोबर."

"शेहेचाळीस?" बाई म्हणाल्या. "एवढा ढिला? ही काय माश्या धरायची जाळी आहे?"

प्रशिक्षकाने त्यांच्याकडे पाहिले. त्याच्या नजरेत राग असता तर बाईंना बरे वाटले असते. "ऑपरेशननंतर एवढाच असतो, बाई. याच्यावरचा तिच्या खांद्याला सोसत नाही. तिच्या आईने तुम्हाला कळवलं होतं ना? ठकी म्हणाली, कळवलंय. म्हणून तर मी तिला येऊ दिलं इकडे. मी म्हणत होतो, आज मीच ओढतो. ती म्हणाली, आजीला सगळं ठाऊक आहे."

कात्रीने तारा कापल्या गेल्या. छप्पन्नने ओढलेल्या तारा कापताना बंदुकीसारखा आवाज होतो. बाईंनी तो हजारदा ऐकला होता. दचकल्या त्या दिवशी पहिल्यांदा.

डावऱ्याचा डावा हात असा धावला की डोळ्याला दिसेना. बाई त्याच्या शेजारी उभ्या राहिल्या. एकदा त्यांनी आडवी तार सरळ करायला बोट पुढे केले. डावऱ्याचे कोपर किंचित आड आले, आणि बाईंनी बोट मागे घेतले. लोकां सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण; ही म्हण त्या इतरांना ऐकवत आल्या होत्या. ती उलटून आपल्या अंगावर येते तेव्हा तिला किती धार असते, हे त्यांना माहीत नव्हते.

रॅकेट गेली तेव्हा दुसरा सेट हातचा गेला होता आणि तिसरा सुरू झाला होता. मग झरोक्यातून वेगळा सूर आला. तो खोल होता, मऊ होता. पितळी भांड्यावर बोट वाजवावे तसा नव्हता, मृदंगावर थाप पडावी तसा होता. बाईंनी आपल्या नातीचा हा सूर आयुष्यात कधी ऐकला नव्हता. पोर याच सुरात वर्षभर खेळत होती, जिंकत होती, आणि त्यांना त्याची गंधवार्ता नव्हती.

त्या सुरात ठकीने काही गेम घेतलेही. वर टाळ्या झाल्या. पण खांद्याने जे सोसायचे ते आधीच सोसून झाले होते. पुढे पुढे सर्व्हिसचा आवाजच येईनासा झाला. बाईंनी वाकून पाहिले. ठकीचे पाय रेषेवर उभे होते आणि चेंडू गुडघ्याच्या उंचीवरून, खालून, लहान मुलासारखा मारला जात होता. प्रेक्षकांत कुणीतरी हसले. मग हसणारा कशाने तरी गप्प झाला, आणि सगळेच गप्प झाले.

"सोड गं," बाई पुटपुटल्या. "सोड सामना. जा घरी."

पण अर्धा सामना टाकून येणाऱ्याला माझ्या घरात जेवण नाही, हे त्यांनीच तिला शिकवले होते. ती नको ते सगळे शिकली होती. प्रत्येक सर्व्हिस ती खालून करत राहिली, शेवटच्या गुणापर्यंत. आणि मग ते पाय जाळीकडे चालत गेले, तिथल्या लांब पायांसमोर क्षणभर थांबले, आणि झरोक्याच्या चौकटीतून बाहेर पडले.

ती खोलीत आली तेव्हा खांद्यावर बर्फाची पिशवी बांधलेली होती. बॅगेतल्या चारही रॅकेटी तिने डाव्या हाताने टेबलावर ठेवल्या. डावऱ्याने स्टूल पुढे केले, तशी ती बसली. इतर कारागिरांना अचानक बाहेरची कामे आठवली. डावऱ्यालाही आठवली.

बाई उभ्याच होत्या.

"पहिल्याच फटक्याला कळलं असेल तुला," त्या म्हणाल्या.

"कळलं."

"मग तेव्हाच का नाही पाठवलीस?"

"वाटलं, तू मुद्दाम ठेवला असशील." ठकी बर्फाची पिशवी सारखी करत होती. "वाटलं, समोरचीचा खेळ बघून तुला काही सुचलं असेल. तुला सगळं ठाऊक असतं ना. पहिला सेट जिंकले तेव्हा तर खात्रीच झाली."

"आणि मग पाठवलीस ती डावऱ्याकडे."

"तुझ्याकडे पाठवली असती, तर आकडा ऐकून तू आधी भांडली असतीस. वेळ नव्हता, आजी."

हे ती दोष दिल्यासारखे बोलली नाही. पावसाळी ढग पाहून छत्री घेतली, इतक्या साधेपणाने बोलली. आणि बाईंना भांडायला जागाच उरली नाही.

"तू सांगायचं होतंस," त्या म्हणाल्या.

"आईने सांगितलं होतं ना?" ठकीने वर पाहिले. आजीच्या चेहऱ्यावर तिला उत्तर दिसले, आणि तिने नजर काढून घेतली. "दाराशी थांबले होते मी सकाळी. म्हटलं, आता विचारशील. तू तर सगळ्यांना विचारतेस. नाही विचारलंस, तेव्हा वाटलं, हिला ठाऊक आहे. हिने माझा नवा आकडा लक्षात ठेवलाय." तिने बर्फाची पिशवी खांद्यावर दाबली. "किती बरं वाटलं होतं मला."

बाईंनी यंत्राची कड धरली. मग ज्यांच्यासमोर स्टूल सरकवायची कुणाची छाती नव्हती, त्या स्वतः दुसरे स्टूल ओढून खाली बसल्या. गुडघ्यांचा आवाज झाला.

"खांदा फार दुखतोय?"

"हो."

"दाखवतेस मला?"

"आता डॉक्टरच बघतील. गाडी थांबलीये बाहेर." ठकी उठली. डाव्या हाताने तिने बॅग घेतली, आणि नव्याने ओढलेली ती एक रॅकेट घेतली. बाकीच्या तीन टेबलावरच राहिल्या. दारापाशी ती थांबली नाही. थांबल्यासारखी झाली तेवढीच.

"पुढच्या वर्षी येशील?" बाईंनी मागून विचारले.

"खांदा म्हणेल तसं, आजी." आणि ती गेली.

बाई तशाच बसून राहिल्या. टेबलावर त्या तीन रॅकेटी पडल्या होत्या, छप्पन्नच्या, एकसारख्या विणलेल्या, डोळ्यांना सुंदर. आयुष्यातले उत्तम काम होते ते. बाईंनी कात्री घेतली आणि एकेक तार कापली. आवाज ऐकून डावऱ्या दारात आला, पाहून परत गेला.

मग त्यांनी सुनेला फोन लावला. सून कामावर होती. मागे दवाखान्याची घंटा वाजत होती.

"आई? ठकीचा निरोप आला मला. ती निघालीये ना?"

"निघाली." आज्ञा करण्यात मुरलेल्या तोंडाला विनंतीची वाट सापडत नव्हती. "सूनबाई, गेल्या वर्षी तू मला काही सांगत होतीस. ते सांग."



"आता काय उपयोग, आई?"

"उपयोग नाही. तरी सांग. मी मध्ये बोलणार नाही."

"कुठून सांगू?"

"मी फोन ठेवला होता," बाई म्हणाल्या, "तिथून."

सून सांगू लागली. खांद्यातले काय फाटले होते, कसे शिवले, पोर रात्री कशी कुशीवर वळू शकत नव्हती, पहिल्यांदा रॅकेट धरली तेव्हा कशी रडली, आणि शेहेचाळीस हा आकडा तिला किती महिन्यांनी सापडला. सापडल्यावर ती पहिले काय म्हणाली, तेही सांगितले: आजीला कळव, नाहीतर ती छप्पन्नच ओढेल. बाई कापलेल्या तारांच्या ढिगाकडे पाहत ऐकत राहिल्या. एकदा त्यांचे ओठ उघडले. त्या बोलल्या नाहीत.